लाइनवर राहा

साल्तो शहरात, उरुग्वे नदीच्या काठाला,
एडेल्मा रात्रभर फोन उचलते.
कुठून बोलताय. काय झालंय. कुठं दुखतंय. कधीपासून.
चारही प्रश्न एकाच पट्टीत,
कापडवाल्यानं वार मोजावेत तसे.
मग अँब्युलन्स निघते,
पडद्यावर एक लाल ठिपका सरकू लागतो
आणि पलीकडचा फोन ठेवला जातो.
गोष्ट संपत नाही. तुटते.
त्या म्हाताऱ्याला धाप लागली होती, तो वाचला का,
उकळतं पाणी सांडलेल्या पोरीचा हात,
तो मोटरसायकलवाला,
कोणी कळवत नाही. कळवायची पद्धत नाही.

चारला ड्यूटी सुटते. सव्वाचारला घर.
बूट काढायच्या आधी फ्रिजचं दार.
आटवलेल्या दुधाची तपकिरी बरणी,
आणि चमचा,
जो ती हल्ली धुवून खणात ठेवत नाही,
बरणीतच उभा असतो, पहाऱ्याला.
दिवा लावत नाही.
फ्रिजचा उजेड पुरतो, उभ्यानं पुरतो.
पहिला चमचा गोड लागतो.
दुसरा बहुधा लागतो.
पुढचे नुसते उतरतात.
खरवडताना काच किणकिणते
आणि तिला बरं वाटतं एवढ्याचंच,
की हिला तरी तळ आहे.

मग मन खायला लागतं.
ती खाते तेव्हा ते गप्प असतं,
ती थांबली की ते सुरू करतं.

बहीण मिर्ता म्हणते, जिभेवर ताबा नाही तुझा.
जिभेवर!
अगं, आठ तास जिभेवर ताबाच तर ठेवते मी.
शब्द गिळते, आवंढा गिळते,
ज्यानं आईवरून शिवी दिली त्याला म्हणते, साहेब, पत्ता सांगा.
डॉक्टरांनी तक्ता दिला,
सकाळी अमुक, दुपारी तमुक, रात्री सूप.
पहाटे सव्वाचारचा रकाना त्यात नव्हता.

मार्चमध्ये पूर आला होता.
एक मुलगा कुजबुजत बोलला, आजी उठत नाहीये.
घर नंबर दोनशे अठरा. रस्त्यावर पाणी.
गाडी वळसा घालून गेली, वेळ लागला.
तेवढा वेळ तो लाइनवर होता, बोलत नव्हता,
फक्त त्याचं नाक वाजत होतं.
लाइनवर राहा, ती म्हणत होती, मी आहे, मी आहे.
मग कट.

जुलैतली एक पहाट. हात गारठलेले.
दार उघडलं, चमचा उचलला,
आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, तोंडातून निघालं:
कुठून बोलताय?
ती हसली. मग स्वतःच म्हणाली, स्वयंपाकघरातून.
काय झालंय?
काही नाही. भूक.
कुठं दुखतंय?
पोटाकडे जायला हवा होता हात,
तो गळ्याशी गेला.
कधीपासून?
फ्रिज गुरगुरत राहिला. दार उघडं असलं की तो असाच गुरगुरतो.
समोरचा गप्प झाला तर फोन ठेवायचा नसतो,
हे तिनं नव्या पोरींना कितीदा शिकवलंय.
तिनं ठेवला नाही.
फरशीवर बसली, बुटांसकट,
आणि नाक वाजत राहिलं, बराच वेळ,
या वेळी तिचं.

दोनशे अठरासमोरून ती एका रविवारी गेली.
कुंपणावर छोटे मोजे वाळत होते, शेजारी मोठा झगा.
झगा कोणाचा, विचारलं नाही.
बेल वाजवली नाही.
एवढं दिसलं, एवढंच घेऊन परतली.

बरणी अजून आणते. खोटं कशाला.
गेल्या गुरुवारी पुन्हा तळ दिसला.
पण आताशा आधी दिवा लावते,
खुर्ची ओढते, बूट काढते,
पावाचा तुकडा बशीत घेते
आणि कोणी नसलेल्या खोलीत, कामातल्याच आवाजात, विचारते.
कधी उत्तर येतं: भूकच आहे, बाई, खरोखरची, सूप पचून गेलं.
मग ती खाते, नीट, चावून.
कधी उत्तर येत नाही.
तेव्हा चमचा बशीवर आडवा ठेवते
आणि लाइनवर राहते.